फळ्यांखालची माणसं

आमच्या कॉलेजच्या एका एकांकिकेत देव प्रकट व्हायचा होता. दिग्दर्शकाच्या डोक्यात धूर, निळा प्रकाश, घंटानाद असं बरंच काही होतं; हाताशी होत्या दोन लेव्हल्स म्हणजे लाकडी चौथरे, एक काळा पडदा आणि मी. लेव्हल्सच्या मधल्या फटीत एक फळी, फळीवर देव उकिडवा बसलेला. ब्लॅकआउट संपायच्या आत ती फळी मी खालून खांद्याने वर रेटायची आणि पातळीत आली की खाली वीट सरकवायची. तालमीत देव नेटका वर गेला. प्रयोगात माझी वीट बोटभर अलीकडे राहिली, देव तिरका प्रकट झाला आणि आशीर्वादासाठी उचललेला हात त्याने घाईघाईने शेजारच्या भक्ताच्या खांद्यावर टेकवला. प्रेक्षक खदखदून हसले. परीक्षकांना त्यात ‘देवाच्या हतबलतेचं सूचन’ दिसलं. देवाचा घोटा मात्र टम्म सुजला आणि तो पुढे आठवडाभर माझ्याशी बोलला नाही.

हे सगळं आठवलं लंडनमध्ये, बहिणीकडे गेले होते तेव्हा. डिसेंबर होता. तिच्या सात वर्षांच्या लेकीला घेऊन मी पँटोमाइमला गेले. आपण या शब्दाला मूकनाट्य म्हणतो, त्यामुळे काळ्या कपड्यांतला, पांढऱ्या तोंडाचा, हवेतली भिंत चाचपणारा कुणीतरी शांत नट मी मनाशी धरला होता. आत शिरले तर जत्रा. पोरं खुर्च्यांवर उभी राहून ‘मागे बघ, मागे!’ असं बोंबलताहेत, स्टेजवरचा माणूस मुद्दाम भलतीकडेच बघतोय, खलनायक म्हणतोय ‘नाही’ आणि सगळं थिएटर एका सुरात म्हणतंय ‘आहे!’ इंग्रज मुलांची नाटकाशी पहिली ओळख बहुधा अशीच होते. गोष्ट अलादीनची, सिंड्रेलाची नाहीतर जॅक आणि राक्षसाची. खलनायक यायचा तो नटाच्या डाव्या हाताच्या विंगेतून आणि परी उजव्या, हा तर जवळजवळ धर्मच. नायकाचं काम तंग विजारीतली मुलगी करते आणि नायकाच्या आईचं काम दाढीच्या खुंटांवर पावडर थापलेला बाप्या.

ती आई आली. अलादीनची आई, विडो ट्वँकी. डोक्यावर किटलीच्या आकाराची टोपी.

‘‘मावशी, ही बाई आहे की बुवा?’’ भाचीने विचारलं.

‘‘मावशी आहे ती.’’

‘‘तुझ्यासारखी?’’

‘‘तमाशातली.’’

लंडनमध्ये जन्मलेल्या पोरीला मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गवळणी आणि त्यांची ती पुरुषी आवाजातली म्होरकी कशी सांगायची? पण मला स्वतःला त्या क्षणी घरच्यासारखं वाटलं. बालगंधर्व रंगमंचावर आले की हा पुरुष आहे हे विसरायचं, हा आपल्या संगीत नाटकाचा करार. मावशीचा करार उलटा. लुगड्याखालचा गडी तुम्ही एक क्षणही विसरता कामा नये, सगळी गंमत तिथेच. पँटोमधली ही आई, तिथली ‘डेम’, हिच्याच कुळातली. ट्वँकी हे नाव तिला १८६१ मध्ये हेन्री बायरन नावाच्या नाटककाराने दिलं, ‘ट्वँके’ नावाच्या हलक्या प्रतीच्या चिनी चहावरून. म्हणजे आपल्याकडे एखाद्या मावशीचं नाव ‘चहापूडबाई’ ठेवावं तसं.

या सगळ्या गदारोळाचं नाव मूकनाट्य कसं पडलं, हे कोडं मात्र मला घरी परतल्यावरही सोडेना. मग वाचत बसले.

मुळाशी एक नीट बोलता न येणारा माणूस आहे. जॉन रिच. १७१४ मध्ये वडील वारले आणि लंडनच्या लिंकन्स इन फील्ड्समधलं थिएटर त्याच्याकडे आलं. शिक्षण बेतास बात, उच्चार गावंढळ, नावं लक्षात राहत नाहीत म्हणून येईल त्याला ‘मिस्टर’ म्हणायचं. घरात सत्तावीस मांजरं होती असं सांगतात. असा माणूस शोकांतिकेत उभा राहिला की प्रेक्षक हसत. त्याने काय करावं? ‘लुन’ हे टोपणनाव घेतलं, इटालियन नाटकातल्या हार्लेक्विनचा काळा मुखवटा आणि ठिगळांचा अंगरखा चढवला आणि तोंड बंद केलं. त्याचा एक प्रवेश पुढे पिढ्यान्‌पिढ्या सांगितला गेला: सूर्याच्या उबेने एक मोठं अंडं फुटतं आणि त्यातून हार्लेक्विन जन्माला येतो. आधी कवचाला तडा, मग जमीन चाचपणारा पाय, मग ताठ उभं राहणं, मग रिकाम्या कवचाभोवती गिरक्या. एक शब्द नाही. बोलीमुळे ज्याला हसत होते, त्याचं जन्मणं लोक श्वास रोखून बघायला लागले.

१७२३ मध्ये डॉक्टर फॉस्टसच्या गोष्टीवर एक पँटोमाइम ड्रुरी लेन थिएटरने आणलं आणि त्यावर कडी करणारं दुसरं रिचने. शहर लोटलं. पुढच्याच वर्षी होगार्थ या चित्रकाराने एक चित्र कोरलं. त्यात थिएटरच्या दाराशी झुंबड उडाली आहे आणि समोरून एक बाई शेक्सपिअर, ड्रायडन, काँग्रीव्ह यांची नाटकं हातगाडीत भरून रद्दीत घालायला नेते आहे. कवी पोपनेही रिचला सोडलं नाही. कागदाच्या बर्फात आणि वाटाण्यांच्या गारांत निवांत बसलेला ‘अमर रिच’ असा त्याने टोमणा मारला. पोपचा हेतू टवाळीचा होता. पण ज्याने विंगेत बसून कागदाचे कपटे केले आहेत त्याला ही ओळ वाचून वेगळंच वाटतं. पत्र्यावर वाटाणे ओतले की गारांचा आवाज येतो, ही त्या काळच्या नेपथ्यातली एक युक्ती एका महाकवीने, चिडून का होईना, नोंदवून ठेवली! होगार्थ आणि पोप दोघंही मोठे, पण या भांडणात मी हातगाडीच्या बाजूची नाही. शेक्सपिअर रद्दीत गेला नाहीच. उलट पँटोमाइमच्या गल्ल्यावर बाकीची नाटकं पोसली गेली. १७३२ मध्ये कॉव्हेंट गार्डनचं थिएटर उघडलं ते याच रिचने.

मूकपणाला दुसरं कारण कायद्याचं. दुसऱ्या चार्ल्सच्या काळापासून लंडनमध्ये बोलकी नाटकं करायची सनद दोनच मंडळ्यांकडे होती, आणि १७३७ च्या कायद्याने ही मक्तेदारी आणखी आवळली. बाकीच्यांनी गावं, नाचावं, दोरीवर चालावं. संवाद बोलायचे नाहीत. मग त्या थिएटरांनी जे केलं ते कोणत्याही हौशी मंडळीला लगेच कळेल: नाही ना बोलायचं, मग दाखवू. सॅडलर्स वेल्समध्ये नट कापडाच्या गुंडाळ्या उलगडून संवादाचा मजकूर लोकांना वाचायला दाखवत. १८०४ मध्ये तिथल्या मंडळींनी रंगमंचाच्या फळ्या काढल्या, सुमारे ९० फूट लांबीची टाकी बसवली, शेजारून वाहणाऱ्या न्यू रिव्हरचं पाणी आत घेतलं आणि जिब्राल्टरचा वेढा दाखवला. छोट्या प्रमाणातली, पण खरीखुरी तरंगणारी जहाजं, आणि त्यांच्या मापाला शोभावेत म्हणून बुडणाऱ्या खलाशांच्या जागी लहान मुलं. डिसेंबरातही ती मुलं त्याच पाण्यात उतरत असतील का, असा एक प्रश्न माझ्यातल्या मावशीला पडलाच.

ही बोलण्याची बंदी उठली १८४३ च्या ऑगस्टमध्ये. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात इकडे सांगलीत विष्णुदास भाव्यांचं ‘सीतास्वयंवर’ झालं. दोन्हींचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही, तरी मला ही तारखांची जोडी आवडते. तिकडे मुके बोलायला लागले, इकडे आपलं नाटक बोलायला लागलं.

बोलायचं नाही म्हटल्यावर सगळा भार येतो सुतारांवर. जुन्या पँटोमाइमचा साचा ठरलेला होता. आधी छोटी परीकथा, नट कागदाच्या लगद्याची अवाढव्य डोकी घालून वावरत. प्रेमिकांवर संकट आलं की परी प्रकटायची, कांडी फिरवायची, आणि प्रियकर हार्लेक्विन व्हायचा, प्रेयसी कोलंबाइन, तिचा बाप पँटालून, बापाचा नोकर क्लाऊन. मग उरलेला वेळ निव्वळ पाठलाग. हार्लेक्विनच्या हातात दोन पातळ पट्ट्यांची एक बॅट असायची; मारली की लागायचं कमी, वाजायचं जास्त. इंग्रजीतला ‘स्लॅपस्टिक’ हा शब्द तिथला. हार्लेक्विनने बॅट भिंतीवर मारली की दुकानाची वखार व्हायची, पालखीचं कोंबड्यांचं खुराडं. प्रेक्षकांना वाटायचं, बॅटची जादू. खरं तर तो ‘सट्’ आवाज आतल्या माणसांसाठी इशारा होता: सोडा दोर. कॅनव्हासचा बिजागरी लावलेला अर्धा भाग धाडकन खाली यायचा आणि त्याच्या पाठीवर रंगवलेलं दुसरं चित्र समोर दिसायचं. इशारा, दोर, बिजागरी. आमच्याकडे इशाऱ्यासाठी ब्लॅकआउट होता, एवढाच फरक.

आणि मग तो स्टार ट्रॅप. त्याचं वर्णन वाचताना माझा तो जुना खांदा दुखल्यासारखा झाला. रंगमंचाच्या जमिनीत एक गोल भोक. त्याला पिझ्झाच्या तुकड्यांसारख्या त्रिकोणी झडपा, चामड्याच्या बिजागऱ्यांनी कडेला जोडलेल्या, टोकं मधोमध मिळालेली; वरून पाहिलं तर चांदणी. खाली तळघरात एक छोटा पाट. त्यावर नट हात अंगाशी घट्ट आवळून ताठ उभा. दोराच्या दुसऱ्या टोकाला वजनं. खुणेसरशी वजनं सुटतात, तळघरातली माणसं जीव खाऊन दोर ओढतात, नट झडपा फोडून हवेत उसळतो आणि तो खाली येईपर्यंत झडपा पुन्हा मिटलेल्या असतात. म्हणजे जमीन जिथल्या तिथे आणि राक्षस हवेत. वजन कमी पडलं तर तो झडपांत अर्धवट अडकणार, जास्त झालं तर कुठे पडेल ते त्याच्या नशिबी. हार्लेक्विन खिडकीतून, घड्याळाच्या तबकडीतून सूर मारून नाहीसा व्हायचा, तेव्हा पलीकडे माणसं सतरंजी ताणून त्याला झेलायला उभी असायची. त्या माणसांचं एकही नाव मला कुठे सापडलं नाही.

माणसांनी भागेना तेव्हा जनावरं आणली. १८११ च्या नाताळात कॉव्हेंट गार्डनने जे पँटोमाइम लावलं त्याच्या शीर्षकात हार्लेक्विनच्या शेजारी चक्क ‘पद्मनाभ’ आहे, आणि त्यात रंगमंचावर आला तो चुनी नावाचा जिवंत हत्ती. आपल्याकडचा. थेम्सच्या काठी, त्या थंडीत, मेणबत्त्यांच्या उजेडात पद्मनाभाच्या नावाने उभा राहिलेला तो हत्ती मला फार वेळ दिसत राहिला. पुढे तो लंडनमधल्याच एका इमारतीत वरच्या मजल्यावर, पिंजऱ्यात लोकांना दाखवायला ठेवला होता. १८२६ मध्ये तो बिथरला आणि त्याला तिथेच, पिंजऱ्यात, गोळ्यांवर गोळ्या घालून मारलं. ते बघायलाही म्हणे तिकीट काढायला लोक तयार होते.

नंतरच्या काळात पाठलाग मागे पडला आणि परीचं ते क्षणभराचं रूपांतरच सगळ्यांना हवंसं झालं. १८४९ मध्ये लायसियम थिएटरात विल्यम बेव्हर्ली या चित्रकाराने एक ताडाचं झाड उभं केलं. त्याची पानं एकेक करून सावकाश खाली झुकली आणि आत पऱ्या दिसल्या, रत्नांचा मुकुट तोलून धरलेल्या. लंडन वेडं झालं. नाटक लिहिणाऱ्या प्लांशेने पुढे आठवणींत कुरकुर केली आहे की तेव्हापासून शेवटचा प्रवेश हाच मालकांच्या लेखी पहिला झाला. लेखकाचं दुःख खरं आहे, पण मी त्या पऱ्यांचा विचार करत होते. ताडाच्या पानावर मुलगी बसत नाही. तिला लोखंडी गजाला पट्ट्याने बांधतात, वर झिरझिरीत कापड, आजूबाजूला गॅसच्या ज्योती. जाळीचे पडदे एकामागून एक उचलले जाईपर्यंत तिने हात तसाच धरायचा, हसू तसंच ठेवायचं. १८४४ च्या डिसेंबरात ड्रुरी लेनच्या रंगमंचावर क्लारा वेब्स्टर ही तरुण नर्तकी प्रेक्षकांच्या डोळ्यांदेखत पेटली. दिव्याला तिचा झगा लागला होता. तिसऱ्या दिवशी ती गेली. ते पँटोमाइम नव्हतं, बॅले होता. कापड आणि ज्योत मात्र तीच. सात वर्षांखालच्या मुलांना रंगमंचावर कामाला लावायची बंदी कायद्याने आली ती १८८९ मध्ये. माझ्या शेजारी बसलेली भाची त्या वर्षी जेमतेम त्या रेषेवर असती.

क्लाऊन म्हणजे पांढरं तोंड आणि गालांवर लाल त्रिकोण, हे ठरवलं जोसेफ ग्रिमाल्डीने. १७७८ चा जन्म. बाप इटालियन नर्तक, पँटालूनची कामं करणारा, हाताचा जड. पोरगं दुसऱ्या-तिसऱ्या वर्षीच सॅडलर्स वेल्सच्या रंगमंचावर. माकडाच्या सोंगात बाप त्याला कमरेच्या साखळीने गरगर फिरवायचा. एकदा साखळी तुटली, पोरगं प्रेक्षकांवरून उडत गेलं आणि एका म्हाताऱ्या गृहस्थाच्या कुशीत पडलं. अगदी लहानपणी, आधी न ठरवलेल्या माणसाने त्याला झेललं.

१८०६ च्या नाताळात कॉव्हेंट गार्डनला ‘मदर गूज’ आलं. पैसा कमी, वेळ कमी, भपका जवळजवळ नाही. मालकांना आणि स्वतः ग्रिमाल्डीलाही फारशी आशा नव्हती. ते ९२ रात्री चाललं. बाकीचे सुतारांच्या जादूवर जगत होते, या माणसाला बिजागरी लागत नव्हती. कोळशाच्या दोन बादल्या पायात घातल्या की तो घोडदळातला ऐटबाज शिपाई व्हायचा. पाळणा आणि चार गोल चीज जोडून गाडी करायचा. भाज्यांचा माणूस रचायचा आणि त्याच्याशीच मारामारी करायचा. आणि गायचा. भाजलेली सफरचंदं विकणाऱ्या एका म्हातारीचं ‘हॉट कॉडलिन्स’ हे त्याचं गाणं. थंडी घालवायला म्हातारी काय पिते, तो शब्द यायच्या जागी ग्रिमाल्डी गप्प व्हायचा. प्रेक्षक ओरडायचे, ‘‘जिन!’’ आणि हा गंभीर चेहऱ्याने म्हणायचा, ‘‘शी! लाज नाही वाटत?’’ ते ‘मागे बघ’ ओरडणारं माझ्या भोवतीचं थिएटर याच पठडीत तयार झालेलं.

त्याच्याबद्दल एक गोष्ट फार सांगतात. उदास माणूस डॉक्टरकडे जातो, डॉक्टर म्हणतो जा, ग्रिमाल्डीला बघ, आणि माणूस म्हणतो, मीच ग्रिमाल्डी. मला ही गोष्ट पटत नाही. फार घोटीव आहे, आणि ती इतर विदूषकांच्या नावावरही फिरते. हसवणाऱ्याच्या आत रडणारा माणूस शोधायची आपल्याला खोडच असते. त्याच्या वाट्याला दुःखं आली, पहिली बायको बाळंतपणात गेली, तरुण मुलगा दारूत गेला. पण त्याला रंगमंचावरून उतरवलं ते त्याच्या सांध्यांनी. एका रात्रीत दोन थिएटरांत काम, मधलं अंतर पळत कापायचं, रोज त्या सापळ्यांतून उड्या. पंचेचाळिशी गाठेपर्यंत पाय गेले. १८२८ च्या जूनमध्ये ड्रुरी लेनला त्याचा निरोपाचा प्रयोग झाला, तो त्याने खुर्चीत बसून केला. वय ४९. म्हणाला, पूर्वी मी डोक्यावर जितका नीट उभा राहायचो तितका आता पायांवर राहत नाही. मग खुर्चीतूनच ‘हॉट कॉडलिन्स’ म्हटलं.

शेवटची वर्षं त्याने पेंटनव्हिलमध्ये काढली. संध्याकाळी जवळच्या ‘मार्क्विस ऑफ कॉर्नवॉलिस’ नावाच्या गुत्त्यात बसायचा. (हो, तोच कॉर्नवॉलिस, कायमधारा पद्धतीवाला. लंडनमध्ये आपला इतिहास असा पाट्यांवर भेटतो.) चालता यायचं नाही, म्हणून गुत्त्याचा मालक त्याला पाठुंगळी घेऊन न्यायचा आणि रात्री पाठुंगळीच घरी सोडायचा. ३१ मे १८३७ च्या रात्रीही सोडलं, आणि त्याच रात्री झोपेत ग्रिमाल्डी गेला. या मालकाचं नाव मात्र नोंदलं गेलं आहे: जॉर्ज कुक.

पेंटनव्हिल रोडच्या कडेला एक छोटी बाग आहे, जोसेफ ग्रिमाल्डी पार्क. तिथे त्याचं थडगं आहे, कठड्याच्या आत. शेजारी जमिनीत शवपेटीच्या आकाराच्या दोन चौकटी बसवल्या आहेत, कांस्याच्या फरश्यांच्या. पाय पडला की फरशी वाजते, आणि बरोबर क्रमाने नाचलं तर म्हणे ‘हॉट कॉडलिन्स’ उमटतं. जानेवारी उजाडायच्या आधी एका दुपारी मी भाचीला तिथे घेऊन गेले. गारठा होता, बागेत चिटपाखरू नव्हतं. तिने बूट आपटत उड्या मारल्या, कसल्याही क्रमाने, आणि गाणंबिणं काही झालं नाही, नुसते टण्ण, ठण्ण, टण्ण. मी म्हटलं, हळू मार, इथून तिथे जा, मग परत. तिने ऐकलं नाही. मग अचानक थांबली, हातमोजे काढले, गुडघ्यांवर बसून फरशीला कान लावला.

‘‘मावशी,’’ ती म्हणाली, ‘‘खालून कोण वाजवतंय?’’